मधल्या पिढीला कोण विचारणार?

मे १९४१ मध्ये ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकी मासिकात संपादक जॉन कॅम्पबेल यांनी एक तक्ता छापला. रॉबर्ट हाइनलाइन या नव्या दमाच्या लेखकाच्या कथा त्यात सनावळीप्रमाणे मांडल्या होत्या, आणि त्यांतल्या काही तर अजून लिहून व्हायच्या होत्या. पुढच्या दोनएक शतकांत कोणते शोध लागतील, कोणत्या राजवटी येतील, कोण कधी जन्मेल आणि मरेल, हे सगळं रकान्यांत होतं. अशा कथामालिकांना ‘भविष्याचा इतिहास’ म्हणायची प्रथा त्याच सुमारास पडली. त्याच अंकात हाइनलाइन यांची ‘युनिव्हर्स’ ही दीर्घकथा होती. त्यातलं जहाज पिढ्यान्‌पिढ्या एका ताऱ्याकडे चाललं आहे आणि आतल्या लोकांना आपण जहाजात आहोत, हेच आठवत नाही.

प्रकाशापेक्षा कमी वेगाने ताऱ्यांकडे जाण्याच्या आणि तिथे वस्ती करण्याच्या या गोष्टी आपल्याला नेमकं काय सांगतात, यावरचा हा वाद आहे. मावशी यंत्र-अभियंता म्हणून निवृत्त झाली आहे. भाचा महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. दोघांच्या कपाटात पुस्तकं बरीचशी सारखीच आहेत, निष्कर्ष मात्र उलटे.

भाचा: मावशी, वाचकाला आकाशगंगाभर पसरलेलं साम्राज्य हवं असतं आणि असिमॉव्ह यांनी ते दिलं. जहाज एक उडी मारतं आणि दुसऱ्या ताऱ्यापाशी निघतं. तू मात्र अशा गोष्टी धरून बसतेस, ज्यांत शेजारच्या ताऱ्याकडे जाण्यातच उभा जन्म जातो. हा हट्ट कशासाठी?

मावशी: त्या उडीत इतिहासच गळून पडतो म्हणून. ‘फाउंडेशन’ ही कथामालिका सुचताना डोळ्यांसमोर इतिहासकार गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा ग्रंथ होता, हे असिमॉव्ह यांनीच सांगून ठेवलंय. तेव्हा त्यांच्या आकाशगंगेत रोमच दिसतं. तीच राजधानी, तेच सुभे, तेच बंडखोर सुभेदार. आता प्रकाशवेगाची मर्यादा पाळून बघ. राजधानीतून सुटलेला हुकूम बारा प्रकाशवर्षांवर पोचायला बारा वर्षं, उत्तर यायला आणखी बारा. बंड मोडायला फौज पाठवलीस, तर ती पोचेपर्यंत बंडखोरांची नातवंडं राज्य करत असतील. जुना एकही नमुना इथे चालत नाही. राज्य, व्यापार, घर, या सगळ्यांचा लेखकाला पहिल्यापासून विचार करावा लागतो. म्हणून मला या गोष्टी जास्त प्रामाणिक वाटतात.

भाचा: प्रामाणिकपणाच काढलास, तर आधी अंतर मोजू. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. तो ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेबाहेर चाललंय. एवढं अंतर कापायला त्याला ७५ हजार वर्षं लागतील, आणि ते त्या दिशेला जातही नाहीये. त्याच्यावरच्या सोनेरी तबकडीत मराठीतला नमस्कार आहे आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडायला यानाला २०१२ साल उजाडलं. आजपर्यंत आपली मजल एवढीच.

मावशी: व्हॉयेजर कुठल्या ताऱ्याकडे जाण्यासाठी बांधलंच नव्हतं. बांधायचं म्हटलं तर कसं बांधता येईल, याचा हिशेब झालाय. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या मंडळींनी १९७३ ते १९७८ या काळात ‘डीडॅलस’ नावाचा आराखडा केला. निर्मनुष्य यान, वजन सुमारे ५४ हजार टन आणि त्यातलं ५० हजार टन नुसतं इंधन. ड्यूटेरियम आणि हीलियम-३ यांच्या गोळ्या एकामागून एक फोडायच्या, सूर्यात होतं तसं केंद्रकांचं मीलन घडवायचं आणि त्या धक्क्यांवर प्रकाशाच्या १२ टक्के वेग गाठायचा. जवळपास सहा प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्यापाशी ते ५० वर्षांत पोचलं असतं. भौतिकशास्त्राचा एकही नियम मोडावा लागत नाही.

भाचा: पोचलं असतं म्हणजे शेजारून भुर्रकन निघून गेलं असतं. त्याला ब्रेक नव्हता!

मावशी: नव्हता, आणि खरी अडचण तीच आहे. प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने जाणाऱ्या एक किलो वजनात किती ऊर्जा असते, सांगू? हिरोशिमावर पडलेल्या बाँबसारख्या सातेक बाँबची. एका किलोत! ती आधी घालायची आणि मुक्कामाला पोचताना तेवढीच काढून टाकायची. वाटेत वाळूचा एक मिलिग्रॅमचा कण आडवा आला तर शंभर किलो टीएनटी फुटल्यासारखं होणार. आर्थर क्लार्क यांच्या ‘द साँग्ज ऑफ डिस्टंट अर्थ’ या १९८६ च्या कादंबरीत मॅगेलन हे जहाज वाटेतल्या एका ग्रहावर थांबतं, ते झिजलेली बर्फाची ढाल पुन्हा रचण्यासाठी. सगळी गोष्ट त्या थांबण्यातून घडते. इंजिनाची अडचण अशी कथेच्या पोटात गेली की मी लेखकाला मानते.

भाचा: आणि ती अडचण लपवण्यासाठी लेखकांनी वापरलेली युक्ती? रॉबर्ट बसार्ड यांनी १९६० मध्ये सुचवलं की जहाजासमोर चुंबकीय क्षेत्राचं प्रचंड मोठं नरसाळं धरा, ताऱ्यांमधला विरळ हायड्रोजन गोळा करा आणि तोच जाळा. इंधन बरोबर न्यायलाच नको. लॅरी निव्हन, पोल अँडरसन, सगळ्यांनी ही रॅमजेट वापरली. पुढे हिशेब झाला, तेव्हा दिसलं की नरसाळ्यात शिरणारा वायू जहाजाला जेवढा रेटा देईल, त्याहून जास्त मागे ओढेल.

मावशी: आणि अभियंत्यांनी त्याचाच ब्रेक केला. चुंबकीय शीड उघडायचं आणि तोच विरळ वायू वेग मारतो. तुला हवा होता ना ब्रेक? घे.

भाचा: बरं, जहाज धावलं आणि थांबलंही. आतल्या माणसांचं काय? दहा टक्के वेगाला सापेक्षतेची सवलत जवळजवळ शून्य आहे. चाळीस वर्षांच्या प्रवासात जहाजावरचं घड्याळ फार तर अडीच महिने मागे पडेल. म्हणजे माणसाने एकतर बर्फात गोठून जायचं, किंवा जहाजात जन्मायचं आणि तिथेच मरायचं. गोठवलेलं अख्खं माणूस पुन्हा जिवंत करणं आजवर कुणाला जमलेलं नाही. उरलं पिढ्यांचं जहाज. ‘युनिव्हर्स’मध्ये काय होतं? जहाजावर बंड होतं, जाणकार मरतात, आणि काही पिढ्यांत जहाज म्हणजेच विश्व ठरतं. ज्ञानाची पुस्तकं पोथ्या होतात. पुढे १९५८ मध्ये ब्रायन ऑल्डिस यांची ‘नॉन-स्टॉप’ आली. तिथेही लोक जहाजात माजलेल्या झाडोऱ्यात टोळ्या करून राहतात. या कल्पनेचा शेवट तिच्या पहिल्या लेखकांनाच दिसला होता.

मावशी: त्यांना धोका दिसला होता. धोका दिसला म्हणून कल्पना बाद होत नाही.

भाचा: माझा खरा आक्षेप धोक्यावर नाही, संमतीवर आहे. जो पहिल्या दिवशी जहाजात चढतो तो राजीखुशीने चढतो. जो उतरतो त्याला निदान एक ग्रह मिळतो. मधले चार-पाच पिढ्यांचे लोक? पाणी कुणी किती प्यायचं, कुणी किती मुलं जन्माला घालायची, कुणी कुठलं काम शिकायचं, हे सगळं त्यांच्या जन्माआधी ठरलेलं. एका पणजोबाला तारे बघायची हौस होती म्हणून.

मावशी: जन्माआधी कुणाला विचारलं जातं रे? तुला विचारलं होतं, मराठी बोलणाऱ्या घरात, या शतकात, या हवेत जन्म घेतोस का म्हणून? प्रत्येक पिढी दुसऱ्याने ठरवलेल्या जागेत जन्मते.

भाचा: पण मला ते बदलता येतं. घर सोडता येतं, गाव सोडता येतं, देश सोडता येतो. जहाजातून बाहेर पडायला दार आहे, पण दाराबाहेर काही नाही. हा फरक लहान नाही.

मावशी: लहान नाही. पण अशी माणसं खरोखर कशी वागतात, हे नुसत्या कल्पनेवर सोडायला नको. पिटकेर्न बेट आठव. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झालं. १७९० च्या जानेवारीत नऊ बंडखोर, सहा पॉलिनेशियन पुरुष आणि डझनभर बायका प्रशांत महासागरातल्या त्या एकाकी बेटावर उतरल्या. माग लागू नये म्हणून त्यांनी स्वतःचं जहाज जाळलं. म्हणजे परतीची वाट स्वतःच बंद केली. तुझ्या पिढ्यांच्या जहाजाच्या इतकं जवळचं दुसरं उदाहरण इतिहासात सापडणं कठीण.

भाचा: आणि १८०८ मध्ये ‘टोपाझ’ नावाचं अमेरिकी जहाज तिथे पोचलं, तेव्हा त्या बंडखोरांपैकी एकटा जॉन अ‍ॅडम्स जिवंत होता. पॉलिनेशियन पुरुष एकही नाही. जमिनीवरून आणि बायकांवरून त्यांनी एकमेकांचे गळे कापले. पॉलिनेशियन पुरुषांना गुलामासारखं वागवलं, त्यातून पहिली कत्तल झाली. उदाहरण माझ्या बाजूचं आहे, मावशी.

मावशी: अर्धंच सांगितलंस. टोपाझच्या लोकांना तिथे बायका आणि मुलांनी भरलेलं, शेतीवाडी करणारं शांत गाव दिसलं. पहिली पिढी आपसांत लढून मेली, दुसरी पिढी नीट वाढली. वस्ती आजही आहे.

भाचा: मग आणखी मागे जाऊ. बाउंटीवाल्यांच्याही आधी त्या बेटावर पॉलिनेशियन लोक राहून गेले होते. त्यांच्या कोरीव खुणा होत्या, दगडी हत्यारं होती, माणसं नव्हती. बेट रिकामं झालं होतं. शेजारच्या हेंडरसन बेटाचंही तेच झालं. लहान वस्तीला आधार देणारी मोठी वस्ती जवळ नसली, येणंजाणं थांबलं, की ती संपते. ज्या पॉलिनेशियन दर्यावर्दींचा दाखला अवकाशाची स्वप्नं बघणारे सगळे देतात, त्यांच्याच इतिहासात हे पान आहे. आणि त्यांना निदान नव्या बेटावर हवा, पाणी आणि मासे आयते मिळत होते.

मावशी: हे मान्य करते. जहाजात हवासुद्धा बनवावी लागेल.

भाचा: तेही करून पाहिलंय. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये ‘बायोस्फिअर-२’ नावाची तीन एकरांहून थोडी मोठी काचेची बंद वास्तू उभारली. आत छोटं वर्षावन, छोटा समुद्र, शेत. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत गेली आणि दोन वर्षं राहिली. हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत उतरला. सुपीक मातीतले जिवाणू तो खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते, आणि तो कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याआधी इमारतीचं काँक्रीट शोषून घेत होतं. शेवटी बाहेरून प्राणवायू आत सोडावा लागला. परागीभवन करणारे कीटक मेले, मुंग्या माजल्या, आठ माणसांत दोन तट पडले. बाहेर पृथ्वी होती म्हणून निभावलं. डीडॅलसच्या वेगाने निघालेल्या जहाजात हे दुसऱ्या वर्षी घडलं असतं, तर पुढचा सगळा प्रवास प्रेतांचा.

मावशी: अभियंत्याच्या नजरेने मी त्याला अपयश म्हणणार नाही. काँक्रीट हवा खातं, हे त्यातून कळलं. पुढच्या वेळी काँक्रीटवर लेप द्या. माझी काळजी वेगळी आहे. जहाजात किती माणसं लागतील? २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी संगणकावर हिशेब मांडला. प्रॉक्झिमापर्यंतच्या ६,३०० वर्षांच्या प्रवासाला, कोणी कोणाशी लग्न करायचं हे नीट ठरवलं, तर ९८ जण पुरतात. मानववंशशास्त्रज्ञ कॅमेरन स्मिथ यांचा २०१४ चा अंदाज मात्र १४ हजार ते ४४ हजारांचा होता. जनुकांसाठी ९८ पुरत असतील. पण बेअरिंग कोण घडवणार, चिप कोण बनवणार, दात कोण काढणार आणि दात काढणाऱ्याला कोण शिकवणार? कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. एका साध्या पंपामागे शेकडो गावांची कामगिरी असते.

भाचा: हे तू माझ्या वतीने बोलतेयस!

मावशी: विषयाच्या वतीने बोलतेय. आता तुझ्या आवडत्या पुस्तकाकडे ये.

भाचा: किम स्टॅनले रॉबिन्सन यांची २०१५ ची ‘ऑरोरा’. टाऊ सेटी हा तारा, जवळपास बारा प्रकाशवर्षं दूर. जहाजात दोनेक हजार माणसं. पोचतात ती निघालेल्यांची पणतवंडं-खापरपणतवंडं. जहाजातलं जीवन कुरकुरायला लागलेलं असतं. जिवाणू झपाट्याने बदलतात, मोठे प्राणी आणि माणसं त्या वेगाने बदलू शकत नाहीत, आणि फॉस्फरससारखी मूलद्रव्यं कुठेतरी अडकून चक्रातून बाहेर जातात. ज्या उपग्रहावर उतरायचं, तिथे एक सूक्ष्म काहीतरी निघतं आणि उतरलेली माणसं मरायला लागतात. मग लोकांत फूट पडते आणि काही जण परत फिरायचं ठरवतात. रॉबिन्सन यांचा निष्कर्ष सरळ आहे. परका ग्रह मृत असेल तर त्याला जिवंत करायला हजारो वर्षं लागतील, आणि जिवंत असेल तर तो तुम्हाला मारील. मला तो मान्य आहे. परग्रहवासीयांबद्दल भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी विचारलं होतं, सगळे आहेत तरी कुठे? १९७५ मध्ये मायकेल हार्ट यांनी तोच मुद्दा ताणला. आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे. कुणी दहा टक्के वेगाने ताऱ्यातारी वस्ती करत निघालं असतं, तर ती केव्हाच भरून गेली असती. आपल्याकडे कुणी आलेलं नाही. कदाचित सगळ्यांनीच बायोस्फिअर करून पाहिला असेल.

मावशी: कदाचित. पण ‘ऑरोरा’मधला तू गाळलेला भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परत येणाऱ्या जहाजाला वेग मारण्यासाठी सूर्यमालेतून लेसरचा झोत हवा असतो. जहाज निघालं तेव्हा अशाच झोताने त्याला ढकललं होतं. परतीच्या वेळी तो झोत उशिरा लागतो. घरच्यांना त्यांचं विशेष पडलेलं नसतं.

भाचा: तो तर कथेतला ताण आहे.

मावशी: तो सगळ्या विषयाचा गाभा आहे. रॉबर्ट फॉरवर्ड हे भौतिकशास्त्रज्ञही होते आणि विज्ञानकथाकारही. १९८४ मध्ये त्यांनी लेसरच्या शिडाचं गणित मांडलं. इंजिन घरीच ठेवायचं, जहाजाने फक्त शीड न्यायचं. पोचताना शिडाचं बाहेरचं कडं सुटून पुढे जातं आणि घरून आलेला प्रकाश उलटा फेकून उरलेल्या शिडाला थांबवतं. इंधनाचा प्रश्नच मिटला. पण त्याचा अर्थ बघ. जहाज निघाल्यावर कित्येक दशकांनी, निघालेल्यांना ओळखणारं कोणी उरलेलं नसताना, घरच्या लोकांनी कर भरून तो लेसर पेटता ठेवायचा. तू मधल्या पिढीच्या संमतीबद्दल बोलतोस. ती मधली पिढी जहाजावरच असते असं नाही, ती घरीही असते. तिलाही पणजोबांनी दिलेल्या शब्दाचा भार वाहायचा असतो.

भाचा: आणि ती तो वाहणार नाही. चार निवडणुका झाल्या की कोणतं सरकार मागच्याच्या योजनेला पैसे देतं?

मावशी: एक तरी उदाहरण आहे, तुझंच व्हॉयेजर. प्रक्षेपणाला हजर असलेले बहुतेक जण निवृत्त झाले किंवा गेले. २०१७ मध्ये अभियंत्यांनी व्हॉयेजर-१ चे ३७ वर्षं न वापरलेले छोटे अग्निबाण पेटवले आणि ते चालले. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच्या स्मृतीतली एक चिप बिघडली आणि यान निरर्थक आकडे पाठवायला लागलं. एक निरोप पोचायला २२ तासांहून जास्त, उत्तराला तेवढेच. १९७० च्या दशकातले कागद काढून वाचत त्या मंडळींनी बिघडलेल्या चिपमधला कार्यक्रम तुकडे करून दुसरीकडे हलवला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. ताऱ्यांकडे जायला अशी संस्था लागते. अर्ध्या शतकाचा दाखला आहे, पाच शतकांचा नाही, हे मी स्वतःच सांगते.

भाचा: म्हणजे तुझं म्हणणं असं, की या गोष्टी इंजिनाच्या नाहीतच.

मावशी: इंजिन हे निमित्त. निव्हन यांची १९६८ ची ‘अ गिफ्ट फ्रॉम अर्थ’ घे. राहण्याजोगा ग्रह शोधायला स्वयंचलित यानं पाठवली, पण त्यांना सांगण्यात चूक झाली. अख्खा ग्रह राहण्याजोगा आहे का, हे न बघता राहण्याजोगी एक जागा सापडली की ती ‘मिळाला’ म्हणून कळवतात. जहाज पोचतं, तर खाली जळता विषारी ग्रह आणि त्यावर कॅलिफोर्नियाच्या निम्म्याएवढं एकच पठार. परतायला इंधन नाही, म्हणून तिथेच राहायचं. वाटेत जागे राहिलेले खलाशी मालक होतात आणि झोपून आलेले प्रवासी त्यांची रयत. पुढे त्या रयतेचे अवयव काढून मालकांना बसवतात. संथ प्रवासातल्या एका निर्णयाची किंमत तीनशे वर्षांनीही भरावी लागते. उडी मारणाऱ्या जहाजाच्या गोष्टीत हे घडूच शकत नाही. तिथे दुसऱ्या दिवशी तक्रार करून परत येता आलं असतं.

भाचा: १९४४ ची व्हॅन व्होग्ट यांची ‘फार सेंटॉरस’ तर आणखी क्रूर. माणसं पाचशे वर्षं झोपून सेंटॉरसला पोचतात आणि तिथे माणसं आधीच राहत असतात. मागून जास्त वेगवान जहाजं निघून पुढे गेली. मग निघायचं तरी कधी? आज निघालो तर उद्याचे पुढे जाणार, आणि सगळेच उद्याची वाट बघत बसले तर कुणीच निघणार नाही.

मावशी: त्या प्रश्नावर २००६ मध्ये अँड्र्यू केनेडी यांनी गणितच मांडलं. वेग दरवर्षी अमुक दराने वाढत असेल, तर एक क्षण असा येतो की त्याआधी निघणारा मागे पडतो आणि त्यानंतर निघणाराही. व्यापाराचंही गणित झालंय. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९७८ मध्ये, तरुण प्राध्यापक असताना, थट्टेथट्टेत ताऱ्यांमधल्या व्यापारावर निबंध लिहिला. तो नियतकालिकात छापून यायला २०१० उजाडलं, त्याआधी त्यांना २००८ चं नोबेल मिळून गेलं होतं. त्यांचा मुद्दा असा, की व्याज जहाजाच्या घड्याळाने नाही, ग्रहावरच्या घड्याळाने मोजायचं. आता तू मोज. बारा प्रकाशवर्षं, दहा टक्के वेग, जाऊन-येऊन २४० वर्षं. वर्षाला तीन टक्के चक्रवाढ धरलीस तर मुद्दल बाराशेपट होतं. एवढ्या नफ्याने विकता येईल असा कुठला माल?

भाचा: कुठलाच नाही. ज्ञान सोडून. आणि ज्ञान तर रेडिओने फुकट जातं.

मावशी: इथे लेखकांची कल्पकता दिसते. व्हर्नर विंज यांच्या १९९९ च्या ‘अ डीपनेस इन द स्काय’मध्ये ‘चेंग हो’ नावाचे व्यापारी प्रकाशाहून कमी वेगाने फिरतात. त्यांना अनुभवाने कळलेलं असतं की ग्रहावरची संस्कृती चढते, फुगते आणि कोसळते, जहाज मात्र टिकतं. ते एखाद्या कोसळलेल्या ग्रहापाशी पोचतात आणि त्याच्याच पूर्वजांचं हरवलेलं ज्ञान त्याला परत विकतात. हजारो वर्षांचे संगणकीय कार्यक्रम थरावर थर साचलेले, आणि त्यांत खोदकाम करणारे कारागीर. कार्ल श्रोडर यांची २०१४ ची ‘लॉकस्टेप’ त्याहून धीट. जहाजाचा वेग वाढवता येत नाही ना? मग सगळी जगंच एका तालावर झोपवा! महिनाभर जागायचं, तीस वर्षं झोपायचं. रात्री झोपलात, सकाळी उठलात, मधल्या तीस वर्षांत जहाज शेजारच्या जगात पोचलेलं. जो या तालाबाहेर पडला तो आपल्याच भावाहून म्हातारा होतो. आणि ताल कोणाच्या हातात, त्याच्याच हातात सत्ता. असं राजकारण रोमच्या इतिहासात सापडणार नाही.

भाचा: कल्पकतेबद्दल वाद नाही. पण बघ, तुझ्या सगळ्या उदाहरणांत माणसं ताऱ्यांवर गेल्याचा आनंद कुठेच नाही. कुणी रयत झालं, कुणी विसरलं, कुणी परत फिरलं. उर्सुला ले ग्विन यांच्या विश्वात तर शब्दही प्रकाशाहून वेगाने जातो. १९६६ पासून त्यांनी ‘अ‍ॅन्सिबल’ हे यंत्र वापरलं, माणसं मात्र जवळजवळ प्रकाशवेगानेच जातात. तरी तिथलं ग्रहांचं मंडळ कुणावर राज्य करू शकत नाही. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये ते एका ग्रहावर एकटा दूत पाठवतं, विनंती करायला. तो आपल्या काळातली सगळी माणसं मागे टाकून आलेला असतो.

मावशी: आणि त्याच ले ग्विन यांची २००२ ची ‘पॅराडाइझेस लॉस्ट’? पिढ्यांचं जहाज, मधल्या पिढीत जन्मलेली माणसं. त्यांच्यात एक पंथ निघतो, की प्रवास हेच सुख, मुक्काम ही भ्रांती. ग्रह आला तरी बऱ्याच जणांना उतरायचं नसतं. तुला ती मधली पिढी कैदी वाटते. ले ग्विन यांनी तिला स्वतःचं मत दिलं, आणि ते पणजोबांच्या मताविरुद्ध निघालं.

भाचा: माझ्या मते हीच सगळ्यात सुंदर गोष्ट. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? ज्यांना जहाजच घर वाटतं, त्यांना ग्रह कशाला?

मावशी: निष्कर्ष निघतो तो क्रमाचा. जे. डी. बर्नाल यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवलंय, की माणसं आधी सूर्याभोवती फिरणाऱ्या पोकळ गोलांत राहतील आणि ताऱ्यांकडे नंतर निघतील. आधी इथेच, पृथ्वीच्या हाकेच्या अंतरावर, अशी बंद वस्ती चालवा. एक पिढी, दोन पिढ्या, पाच पिढ्या. हवा बिघडली तर दार उघडून बाहेर या. कंटाळा आला तर निघून जा. तुझी मधली पिढी तिथे जन्मू दे, जिला जाण्याची मुभा आहे आणि तरीही जी राहते. तिने ठरवलं की घरासकट निघायचं, तर ती कुणाच्या हौसेची बळी नसेल. तोवर जहाज सोडणं हा गुन्हा आहे, हे मीही म्हणते.

भाचा: तू माझ्या फार जवळ आलीस. तरी शेवटचा फरक राहतो. वस्तीने सूर्य सोडला की त्यानंतर जन्मणाऱ्या मुलाचं दार बंदच. पाच पिढ्यांनी राजीखुशीने राहून दाखवलं म्हणून सहावीच्या वतीने सही करता येते का? माझ्या मते नाही. माणसाने यंत्रं पाठवावीत, रेडिओ पाठवावा, स्वतः जाऊ नये.

मावशी: माझ्या मते करता येते. आईबाप रोज तेच करतात. फक्त सही करण्याआधी त्यांनी ते जगून पाहिलेलं हवं, आणि मागे राहणाऱ्यांनी शब्द पाळणारी संस्था उभी केलेली हवी. या दोन अटी पूर्ण व्हायला काही शतकं लागतील. माझी हरकत नाही. संथ प्रवासाच्या गोष्टी वाचणाऱ्या माणसाला घाई शोभत नाही.

दोघांचा वाद इथे मिटत नाही. पण एका गोष्टीवर दोघं सहमत आहेत, आणि ती वाचकाच्या उपयोगाची आहे. ताऱ्यांवरच्या वस्तीची कोणतीही गोष्ट हाती आली, की जहाज किती वेगाने जातं हा प्रश्न नंतर विचारावा. निर्णय कोणी घेतला, तो कोणाला भोगावा लागला आणि ‘नाही’ म्हणायची सोय कोणाला होती, हे तीन प्रश्न आधी. गोष्टीत त्यांची उत्तरं नसतील तर ते साम्राज्याचं जुनंच नाटक आहे, पडद्यावर तारे रंगवलेले. सुरुवात करायची असेल तर आधी ‘युनिव्हर्स’ वाचा आणि तिच्या पाठोपाठ ‘ऑरोरा’. दोन्हींत चौऱ्याहत्तर वर्षांचं अंतर आहे, आणि तेवढ्या काळात विज्ञानकथा इंजिनापासून मातीपर्यंत येऊन पोचली आहे.